माती मळणाऱ्या हातांचं नाव काय?



मागच्या उन्हाळ्यात गटातल्या सगळ्या सदस्यांची माहिती भरून घ्यायचं काम चालू होतं. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय, असा साधा एक पानी फॉर्म. एका गावात कुंभारवाड्यातल्या मावशींचा फॉर्म मी भरत होते. ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी थांबले आणि विचारलं, “मावशी, इथं काय लिहू?”

“घरकाम लिवा की मॅडम. मडकी तर आमचे मालक करतात.”

मी लिहिलं, ‘घरकाम’.

आता बघा, हे बोलताना मावशींचे हात काय करत होते? वाळलेली माती कुटून चाळत होते. मग त्यांनी त्यात राख आणि लीद घातली, पाणी शिंपडलं आणि पायांनी माती तुडवायला घेतली. मागे ओसरीत चाकावरून उतरवलेली ओली मडकी होती. ती थापीनं थापून मोठी करायची, घासून गुळगुळीत करायची, गेरूचा हात द्यायचा, आव्यात रचायची आणि बाजारच्या दिवशी डोक्यावर नेऊन विकायची, हे सगळं मावशीच करतात. फक्त चाकाला हात लावत नाहीत. आपल्याकडे बहुतेक कुंभारघरांत बाईनं चाक फिरवायचं नाही अशी रीत आहे. तेवढ्या एका कामामुळे बाकीची सगळी कामं ‘घरकाम’ झाली. आणि ते मीच माझ्या हातानं फॉर्मवर लिहून आले.

घरी आल्यावर मला एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात पाहिलेला एक फोटो आठवला. नायजेरिया देशाच्या नोटेवर एका बाईचं चित्र आहे, आणि तिच्याजवळ एक मोठं मडकं. त्या बाईंचं नाव लाडी क्वाली. आज त्यांची आणि त्यांच्या मातीकामाची गोष्ट सांगते. गोष्ट दूरच्या देशातली आहे, पण वाचल्यावर तुम्हाला ती आपल्याच अंगणातली वाटेल.

लाडीबाई कोण होत्या?

नायजेरिया हा आफ्रिका खंडाच्या पश्चिमेकडचा देश. तिथल्या क्वाली नावाच्या गावात १९२५ च्या सुमारास लाडीबाईंचा जन्म झाला. ‘लाडी’ म्हणजे रविवारी जन्मलेली. आपल्याकडे सोमवारी जन्मला म्हणून सोम्या आणि बुधवारी जन्मला म्हणून बुध्या म्हणतात, तसंच. आणि क्वाली हे गावाचं नाव. म्हणजे जन्माचा वार आणि गाव मिळून बाईचं नाव झालं.

त्या ग्वारी समाजातल्या. या समाजात मडकी घडवणं हे बायकांचंच काम. तिथं चाक नव्हतंच, सगळं काम हातानं. लाडीबाई लहानपणीच आईच्या पिढीतल्या एका नातेवाईक बाईकडून हे काम शिकल्या. पाण्याचे मोठे माठ, रांधायची भांडी, वाडगे असं रोजच्या वापराचं सगळं त्या करायच्या. काम इतकं सुबक की त्या भागाच्या अमीराच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या वाड्यातसुद्धा त्यांची मडकी ठेवलेली होती.

१९५० साली मायकेल कार्ड्यू नावाच्या इंग्रज कुंभारानं ती मडकी त्या वाड्यात पाहिली. तेव्हा नायजेरियावर इंग्रजांचं राज्य होतं, आणि कार्ड्यू सरकारी नोकरीत होते. अबुजा गावात मातीकामाचं प्रशिक्षण केंद्र सुरू करायची जबाबदारी त्यांच्याकडे होती. (आज नायजेरियाची राजधानी असलेलं अबुजा हे वेगळं शहर. त्या जुन्या गावाला आता सुलेजा म्हणतात.)

कोणी म्हणेल, साहेबानं लाडीबाईंना शोधून काढलं. मला ते पटत नाही. साहेब यायच्या आधीच त्यांची मडकी राजवाड्यात पोचली होती. गावातल्या लोकांना त्यांच्या हाताची किंमत माहीत होती. बाहेरच्यांना ती नंतर कळली, एवढंच.

चाकाशिवाय मडकं कसं होतं?

ताईंनो, चाकाशिवाय मातीचं भांडं घडवायच्या मुख्य तीन पद्धती आहेत. तिन्ही तुमच्या हातांना आधीच येतात. कशा, ते सांगते.

पहिली चिमटीची. पुरण भरायला आपण कणकेच्या गोळ्यात अंगठा घालून चिमटीनं पारी करतो. मातीच्या गोळ्याची तशीच पारी केली की पणती होते, बोळकं होतं.

दुसरी वळ्यांची. कडबोळी करताना पीठ हातानं लांब वळतो आणि टोकं जोडतो. मातीची तशी जाड वळी करायची, तळावर गोल बसवायची, त्यावर दुसरी, मग तिसरी. बोटानं आतून-बाहेरून सांधा पुसून टाकायचा. वळ्या दिसेनाशा झाल्या की भिंत तयार.

तिसरी थापायची. भाकरीसारखी माती थापायची, कापायची आणि तुकडे जोडून चौकोनी डबा, ताटली, कुंडी करायची.

लाडीबाईंचं मोठं काम वळ्यांचं. खाली तळ तयार करायचा, त्यावर एकेक वळी चढवत जायची. आतून हातानं आणि लाकडी फळीनं थापून पोट फुगवायचं, बाहेरून खरवडून भिंत सारखी करायची. आणि हे करताना त्या मडक्याभोवती उलट्या पावलांनी गोल फिरायच्या. आपल्या कुंभाराच्या चाकावर मडकं फिरतं आणि माणूस बसून राहतो. इथं मडकं जागेवर आणि बाई फिरते. म्हणजे चाकाचं काम त्यांचे पायच करायचे.

आपल्या देशातही अशी गावं आहेत बरं का. मणिपूरमधल्या थोंगजाओ आणि आंद्रो या गावांत बायका चाकाशिवायच मडकी करतात. थोंगजाओच्या नीलमणी देवी यांना या कामासाठी २००७ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे ‘चाक नाही तर मडकं नाही’ हे खरं नाही. चाकावर मडकी झटपट होतात, हे मात्र खरं.

अंगणातला सरडा मडक्यावर

लाडीबाईंच्या मडक्यांवरची नक्षी बघण्यासारखी आहे. माती ओली असताना त्या टोकदार काडीनं रेषा ओढायच्या, आणि कोरलेली छोटी लाटणी फिरवून पट्टे उठवायच्या. त्या पट्ट्यांच्या मधे कोण असायचं? सरडा, पाल, विंचू, साप, मगर, मासा, पक्षी. सगळे आजूबाजूचेच. ही चित्रं हुबेहूब नसायची. चार रेषांत सरडा, आठ रेषांत विंचू. पण बघताक्षणी कळायचं की हा सरडाच, आणि तो पळायच्या बेतात आहे.

ही नक्षी एकट्या लाडीबाईंची नव्हती. ग्वारी बायका पूर्वीपासून अशी चित्रं काढत आल्या होत्या. पण त्या चित्राला मडक्याच्या पोटाच्या गोलाईवर नेमकं कुठं बसवायचं, दोन चित्रांत मोकळी जागा किती सोडायची, ही लाडीबाईंची नजर.

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. दोन दिवाळ्यांमागे काही गटांच्या ताईंनी पणत्या रंगवून विकायचं ठरवलं. मी उत्साहानं मोबाईलवरून दहा-बारा डिझाईन काढली आणि सगळ्या गटांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. सगळ्यांनी तीच काढली. तालुक्याच्या प्रदर्शनात सगळ्या गटांचे स्टॉल शेजारी-शेजारी, आणि सगळ्यांकडे तोच मोर, तीच वेलबुट्टी. गिऱ्हाईक पहिल्या स्टॉलवर भाव विचारायचं, दुसऱ्यावर कमी करून मागायचं, तिसऱ्यावर आणखी कमी. आपल्याच मैत्रिणी एकमेकींचा भाव पाडत होत्या. संध्याकाळी अर्धा माल परत आला. चूक ताईंच्या हाताची नव्हती, माझी होती. बघायला मी त्यांना मोबाईल दिला, अंगण दिलंच नाही.

आपल्या अंगणात काय कमी आहे का? नागपंचमीला आपणच मातीचा नाग करतो. पोळ्याला मातीचे बैल करतो, त्यांच्या वशिंडाचा उठाव कसा असतो ते कोणी शिकवावं लागत नाही. सुगरणीचा खोपा, बाभळीची शेंग, ज्वारीचं कणीस, पावसाळ्यातली गोगलगाय, मुंग्यांची रांग, हे सगळं आपण रोज बघतो. ज्या गावात जे दिसतं ते त्या गावच्या मातीवर आलं, तर दोन गावांचा माल आपोआप वेगळा होईल.

केंद्रात पहिली बाई

१९५४ साली लाडीबाई अबुजाच्या प्रशिक्षण केंद्रात गेल्या. तिथं काम करणाऱ्या त्या पहिल्या बाई. बाकी सगळे पुरुष, आणि ते चाकावर काम करायचे. लाडीबाई तिथं चाक शिकल्या, भट्टी लावायला शिकल्या, झिलई द्यायला शिकल्या. पण हाताचं काम त्यांनी सोडलं नाही. त्यांचं नाव झालं ते हातानं घडवलेल्या मडक्यांमुळेच. पुढे त्याच केंद्रात त्या शिकवायलाही लागल्या. त्यांच्या मागून असिबी इडो, कांदे उशाफा अशा आणखी बायका तिथं आल्या.

एका बाईनं दार उघडलं की मागच्यांना वाट होते. पहिला गट काढताना आपल्याही गावात हेच झालं होतं, आठवतंय ना?

झिलई आली, गारवा गेला

केंद्रात गेल्यावर लाडीबाईंच्या मडक्यात एक मोठा बदल झाला. तो नीट समजून घेऊ, कारण आपल्याकडेही ‘झिलईचं काम शिकवा’ अशी मागणी येते.

गावी त्या मडकी उघड्यावर गवत-लाकडाच्या जाळात भाजायच्या. अशा भाजणीत मडक्याला बारीक छिद्रं राहतात. आपला माठही असाच. त्या छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाऱ्यानं उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणून माठातलं पाणी गार होतं.

केंद्रात मात्र वेगळी माती आणि बंद भट्टी होती. उष्णता साधारण १२५० ते १३०० अंशांपर्यंत जायची. एवढ्या जाळात माती दगडासारखी घट्ट होते. वरून झिलई, म्हणजे दगडाची पूड, लाकडाची राख वगैरे पाण्यात कालवून दिलेला थर. तो भट्टीत वितळून काचेसारखा होतो. लाडीबाई रेघांमध्ये पांढरी माती भरायच्या आणि वरून झिलई द्यायच्या. गडद मडक्यावर पांढरे सरडे आणि मासे उठून दिसायचे.

असं मडकं देखणं आणि टिकाऊ. पण त्यातून पाणी पाझरत नाही, म्हणून ते गारही होत नाही. गावच्या बाईच्या कामाचं ते राहिलं नाही, दिवाणखान्यात ठेवायची वस्तू झाली. गिऱ्हाईक बदललं, किंमत बदलली, उपयोगही बदलला. यात वाईट काही नाही. पण कुठलंही नवं तंत्र घेताना ‘यानं काय मिळेल’ याबरोबर ‘यानं काय जाईल’ हेही विचारावं. आपल्या माठाचा गारवा हाच त्याचा गुण. त्याला चकचकीत केलं तर गिऱ्हाईक कशासाठी घेईल?

शिकवणं म्हणजे काय?

लाडीबाईंची मडकी १९५८, १९५९ आणि १९६२ साली लंडनच्या प्रदर्शनांत मांडली गेली. १९६२ साली त्यांना ब्रिटनचा एमबीई हा सन्मान मिळाला. १९७२ साली कार्ड्यू आणि घाना देशातले कुंभार कोफी अथे यांच्याबरोबर त्या अमेरिकेला गेल्या आणि गावोगावी लोकांसमोर मडकी घडवून दाखवली. त्यांचं शिकवणं भाषणाचं नव्हतं. मातीचा गोळा समोर ठेवायचा, आणि करून दाखवायचं.

१९७४-७५ च्या सुमारास मॅग्डालीन ओडुंडो नावाची एक तरुण मुलगी अबुजाला शिकायला आली. तिचा जन्म केनियातला, आणि गंमत म्हणजे तिचं लहानपणीचं काही शिक्षण आपल्या भारतात झालेलं. लाडीबाईंकडे आणि तिथल्या इतर बायकांकडे ती हातानं मडकं घडवायला शिकली. आज ओडुंडो जगातल्या मोठ्या मृत्तिका कलावंतांपैकी एक आहेत. २०२० साली त्यांना ब्रिटनचा ‘डेम’ हा मोठा किताब मिळाला.

पण त्यांचं काम बघितलं तर त्यावर लाडीबाईंचे सरडे नाहीत. त्यांची मडकी लांब मानेची, बाईच्या अंगासारखी वळणदार, झिलई न देता घासून-घासून चकाकी आणलेली. हात लाडीबाईंच्या पद्धतीचा, नजर स्वतःची. मला वाटतं, खरं शिकवणं हेच. मी व्हॉट्सअ‍ॅपवर मोर पाठवला, ते शिकवणं नव्हतं.

१९७७ साली अहमदू बेलो विद्यापीठानं लाडीबाईंना मानद डॉक्टरेट दिली. १९८४ साली त्या वारल्या. त्या केंद्राला त्यांचंच नाव मिळालं, आणि २००७ पासून नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेच्या मागे त्यांचं चित्र आहे. गावच्या माठवालीचं चित्र आज त्या देशातल्या प्रत्येक बाजारात हातोहात फिरतं.

आपल्या गटात करून बघायचं असेल तर

लगेच कर्ज काढून विजेचं चाक घेऊ नका. आधी ओंजळभर माती घेऊन घरीच करून बघा.

माती: कुंभाराकडची किंवा तळ्याकाठची चिकट माती घ्या. खडे, मुळं काढा, चाळा, भिजवा. थोडी बारीक वाळू किंवा जुन्या खापराची पूड घाला. त्यानं वाळताना माती कमी आकसते आणि तडा कमी जातो. बोटभर जाडीची वळी करून बोटाला गुंडाळा. लगेच चिरली तर माती भरभरीत आहे, आणखी चिकट माती मिसळा.

घडवणं: पारी करून तळ करा, वर वळ्या चढवा. सांधा जोडण्याआधी दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढा आणि पातळ चिखल लावा. हे केलं नाही तर वाळल्यावर वळी सुटते. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवा. मोठं भांडं एका दमात चढवू नका. खालचा भाग जरा आवळू द्या, मग वरची वळी.

वाळवणं: उन्हात ठेवू नका. सावलीत, पहिल्या दिवशी ओलसर फडकं टाकून ठेवा. आठवडाभर तरी धीर धरा, पावसाळ्यात जास्त.

भाजणं: ओलं भांडं आव्यात फुटतं. तव्यावरची पोळी आतल्या वाफेनं फुगते. पोळी मऊ म्हणून फुगते, मडकं कडक म्हणून फुटतं. भांडं गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून ओल आहे. पहिली भाजणी गावच्या कुंभाराच्या आव्यातच करा, आणि त्याचे पैसे द्या. उघड्यावर आग लावायची तर गंजी आणि घरं दूर पाहिजेत, पाण्याची बादली जवळ पाहिजे आणि लेकरं लांब पाहिजेत.

रंग: खाण्यापिण्याच्या भांड्याला आतून ऑइलपेंट किंवा बाजारातली कुठलीही चकाकी लावू नका. काही स्वस्त झिलयांत शिसं असतं, ते पोटात गेलं तर मुलांना फार वाईट. नक्षी काडीनं कोरा, रंगाला गेरू घ्या.

हिशोब: माती आणायचा, जळणाचा, फुटलेल्या नगांचा आणि तुमच्या वेळेचा खर्च वहीत लिहा. ‘वेळ तर आपलाच आहे’ असं म्हणून तो शून्य धरू नका.

नाव: भांड्याच्या तळाशी, माती ओली असताना, तुमचं नाव किंवा तुमची खूण कोरा. गटाचं नाव लेबलवर असू द्याच, पण घडवणारीचं नाव मातीत पाहिजे.

शेवटी मावशींचं

हा लेख लिहायच्या आधी मी त्या मावशींकडे परत गेले. मोबाईलवर नोटेचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. विचारलं, “हिला चाक येतं का?” मी म्हटलं, “येत होतं, पण मोठी मडकी हातानंच करायच्या.” मावशी म्हणाल्या, “मग हिचं पोट लई भारी उचललंय.” ‘पोट’ म्हणजे मडक्याचं बरं का! मी फोटोत बाई बघत होते आणि मावशी मडकं बघत होत्या. कारागिराची नजर दुसरी कसली असते?

मी नवा फॉर्म काढला. व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन थांबवलं आणि काहीच विचारलं नाही. मावशी जरा गप्प राहिल्या. मालक बाहेर चाकावर बसले होते. तिकडे एकदा बघून म्हणाल्या, “मातीकाम लिवा.”

मी लिहिलं, ‘मातीकाम’. आता त्यांचा कर्जाचा अर्ज आला, तर तो याच व्यवसायावर येईल. या लेखात त्यांचं नाव लिहू का, असं विचारलं तर म्हणाल्या, “आत्ता नको. आधी एक माठ माझ्या हातानं उभा करते, मग लिवा.”

ताईंनो, पुढच्या मासिक बैठकीला तुमच्या गटाचं सदस्य नोंदणी रजिस्टर काढा आणि व्यवसायाचा रकाना एकदा मोठ्यानं वाचा. जिथं जिथं ‘घरकाम’ लिहिलंय, तिथं त्या ताईला विचारा, “तुझे हात दिवसभर काय करतात?” जे उत्तर येईल, ते लिहा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक